मुलं खेळ बनवायला शिकतात तेव्हा

घरचा मुलगा किंवा मुलगी ‘मला संगणकावरचे खेळ बनवायला शिकायचंय’ म्हणाली, तर लगेच रागावू नका. आणि त्यासाठी कर्जही काढू नका.

खेळ बनवण्याच्या तयार अवजाराला ‘गेम इंजिन’ म्हणतात. चित्र हलवणे, आवाज काढणे ही कामे त्यात आधीच बसवलेली असतात. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्झुर यांनी घडवलेले ‘गोदो’ इंजिन २०१४ पासून सर्वांना खुले आहे. ते फुकट मिळते आणि खेळ विकला तरी त्यांना वाटा द्यावा लागत नाही.

दूरदूरच्या गड्यांनी एकत्र खेळायचा खेळ मात्र अवघड. कबड्डीत गडी बाद झाला की नाही, हे पंच ठरवतो. इथे पंचाचे काम ‘सर्व्हर’ नावाचा संगणक करतो. खेळणाऱ्याच्या यंत्राने फक्त ‘डावीकडे वळायचंय’ एवढे कळवावे. गुण सर्व्हरने द्यावेत. नाहीतर लबाडीला वाट मिळते. निरोप पोचायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात खेळ अडखळू न देणे, ही खरी कसरत.

म्हणून क्रम धरा. आधी एकट्याचा छोटा खेळ, मग एकाच संगणकावर दोघांचा, मग घरातल्या दोन संगणकांवर. इंटरनेटवरचा सर्व्हर शेवटी, कारण तो सतत चालू ठेवायला बहुधा भाडे पडते.

महागड्या वर्गाची फी भरण्यापूर्वी मुलांना एवढेच सांगा: ‘तू पुरा केलेला एक खेळ आधी आम्हाला खेळून दाखव.’