चौसष्ट बिटांचा आकडा छापताना

टर्बो सीवर शिकलेल्या पिढीला ‘इंट म्हणजे दोन बाइट’ हे पाठच होतं. त्यात ४०००० ठेवून ‘%डी’ने छापलं की पडद्यावर -२५५३६ उमटायचं. पण दोन बाइट हे माप त्या कंपायलरचं होतं, सी भाषेचं नव्हे. पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा होता, व्हॅक्सवर ३२ चा झाला, आणि १९८९ च्या मानकानेही फक्त किमान मर्यादा घालून दिली.

ओढाताण वाढली ती ६४ बिटांची यंत्रं आल्यावर. युनिक्सवाल्यांनी लाँग ६४ बिटांचा केला, विंडोजने तो ३२ वरच ठेवला. ६४ बिटांचा ‘लाँग लाँग’ छापायला कुणी ‘%एलएलडी’ लिहायचं, बीएसडीवाले ‘%क्यूडी’, तर मायक्रोसॉफ्टचं ‘%आय६४डी’.

इथे चुकलं तर चूक भलतीकडेच दिसते. छापणाऱ्या प्रिंटएफला समोर काय आलंय ते कळत नाही. फॉरमॅटमधली अक्षरं सांगतील तेवढे बाइट तो उचलतो. ३२ बिटांच्या इंटेल यंत्रावर ६४ बिटांत ठेवलेला ५ आणि मागोमाग एक नाव ‘%डी %एस’ला दिलं, तर ५ अगदी बरोबर छापला जातो. त्याचा उरलेला अर्धा भाग शून्य असतो. तोच नावाचा पत्ता समजला जातो आणि लिनक्सवर नावाच्या जागी ‘नल’ येतं. मग बिचारा प्रोग्रामर नाव कुठे हरवलं ते शोधत बसतो!

सी९९ ने ‘इंट६४_टी’सारखे ठरीव मापाचे प्रकार दिले आणि ते छापायला ‘पीआरआयडी६४’सारखे मॅक्रो. मॅक्रो म्हणजे स्ट्रिंगचा नुसता तुकडा: ६४ बिटांच्या लिनक्सवर ‘एलडी’, ३२ वर ‘एलएलडी’. शेजारच्या स्ट्रिंगा कंपायलर आपण होऊन जोडतो. दिसायला मात्र भयंकर: अवतरण बंद करा, मॅक्रो घाला, पुन्हा उघडा. त्यापेक्षा सरळ ‘लाँग लाँग’मध्ये कास्ट करून ‘%एलएलडी’ लिहिणारे पुष्कळ होते, आणि मला त्यांचं काही चुकलं असं वाटत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरसोबत हे मॅक्रो यायला २०१३ उजाडलं. त्याआधीच सी++११ ने नवी मेख मारली होती: अवतरणचिन्ह आणि मॅक्रो यांच्यात मोकळी जागा हवीच.

सी२३ मध्ये एकदाचं ‘%डब्ल्यू६४डी’ आलं. माप आता थेट फॉरमॅटमध्येच लिहायचं. लिनक्सवरच्या ग्लिबसी लायब्ररीने २०२३ च्या २.३८ आवृत्तीत ते घेतलं. जुन्या लायब्रऱ्यांवरही चालायला हवा असा कोड मात्र अजून मॅक्रोच वापरतो.