रुग्णाची गोष्ट ही अमानत आहे

काही वर्षांपूर्वी आपल्या वस्तीत नर्सिंगला जाणारी मुलगी क्वचितच दिसे. आता कुणाची लेक जीएनएमला आहे, तर कुणाची सून दवाखान्यात रात्रपाळी करते. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र ड्युटीवर जाताना त्यांच्याजवळ मोबाईलही असतो आणि वॉर्डमधला एक फोटो क्षणात शंभर घरांत पोहोचतो. म्हणून याविषयी घरात बोलायला हवे.

२०१९ मध्ये ओडिशातील मलकानगिरीच्या जिल्हा रुग्णालयात परिचारिकांनी नवजात बालकांच्या विशेष कक्षात टिकटॉक व्हिडिओ केले. ते पसरले आणि त्यांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. त्यांचा हेतू वाईट नसेलही. पण पाळण्यातल्या बाळाला ‘माझा फोटो नको’ असे म्हणता येत नाही. शुद्धीवर असलेल्या रुग्णाचे तरी काय? जी सिस्टर सलाईन लावणार, तिला नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. अशा होकाराला राजीखुशी कसे म्हणायचे?

‘नाव तर लिहिले नव्हते’ असे सांगितले जाते. पण तालुक्याच्या गावात नावाची गरज नसते. हातातली बांगडी, बेडचा नंबर, शेजारी बसलेली आई, एवढ्यावरून लोक ओळखतात. टीबी औषधांनी बरा होतो, पण ‘तिला टीबी होता’ हे वाक्य लग्नाच्या बोलणीपर्यंत मुलीचा पिच्छा सोडत नाही. २०२० मध्ये कोरोनाबाधितांच्या नावांच्या याद्या व्हॉट्सॲपवर फिरल्या आणि बदनामीच्या भीतीने माणसे ताप लपवू लागली. गुपित फुटण्याची धास्ती असली की रुग्ण डॉक्टरपासूनही खरे लपवतो. मग उपचार उशिरा सुरू होतात, कधी जीवही जातो.

कायदाही हेच सांगतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्याच वर्षीच्या एचआयव्ही-एड्स कायद्याने आणि मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घातले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची १९५३ पासूनची आचारसंहिताही परिचारिकेकडून हीच अपेक्षा ठेवते.

म्हणून काही गोष्टी पक्क्या कराव्यात. वॉर्डमध्ये फोटो आणि रील नको. सहकाऱ्यांच्या ग्रुपवर रुग्णाचे रिपोर्ट नकोत. दवाखान्यात काही चुकीचे दिसले, तर पोस्ट टाकण्याऐवजी मेट्रनकडे किंवा वरिष्ठांकडे लेखी तक्रार करावी. हा नियम आपल्यालाही लागू आहे. आयसीयूमधल्या नातेवाइकाचा नळ्या लावलेला फोटो ‘दुआ करा’ म्हणून आपणच पाठवतो. दुआला फोटो लागत नाही.

आणखी एक जबाबदारी घरच्यांची आहे. ड्युटीवरून थकून आलेल्या लेकीला शेजारीण विचारते, “अमक्याची सून तुमच्याकडे ॲडमिट आहे म्हणे, काय झालंय तिला?” मुलगी गप्प राहिली की तिला शिष्ट ठरवले जाते. अशा वेळी आईने किंवा सासूने पुढे व्हावे आणि म्हणावे, “आपा, तिच्या पेशंटचं तिला विचारू नका. उद्या तुम्ही ॲडमिट झालात, तर तुमचंही ती कुणाला सांगणार नाही.”