रक्ताचा एक थेंब आणि चिपवरची प्रयोगशाळा

विदर्भातील आपल्या वस्त्यांना ‘सिकलसेल’ हा शब्द नवा नाही. सांधे ठणकत असल्याने रात्रभर विव्हळणारे मूल, वारंवार चढवावे लागणारे रक्त आणि बुडणारी शाळा हे अनेक पालकांनी घरातच पाहिले आहे. महाराष्ट्रात हा आनुवंशिक आजार आदिवासी समाजात, पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि अन्य काही मागासवर्गीय जातींतही आढळतो. त्याचे निदान वस्तीच्या दारापर्यंत आणू पाहणाऱ्या एका विज्ञानशाखेचा परिचय स्मरणिकेच्या वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

या आजाराचा इतिहास बोधप्रद आहे. शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. हा विद्यार्थी ग्रेनाडा बेटावरून शिकण्यासाठी अमेरिकेत आला होता. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, विद्युत्‌क्षेत्रात रुग्णाचे हिमोग्लोबिन निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनहून वेगळ्या गतीने सरकते. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्याचे कारण शोधले. हिमोग्लोबिनच्या १४६ दुव्यांच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. एवढ्याशा बदलाने विद्युत्‌भार बदलतो, पेशी वाकते आणि रक्तवाहिनी तुंबते.

पॉलिंग यांच्या प्रयोगास मोठे यंत्र लागले होते. तीच परीक्षा आज तळहातावर मावणाऱ्या चिपवर होऊ शकते. ही किमया साधणाऱ्या शास्त्रास मायक्रोफ्लुइडिक्स म्हणतात. यात काच, प्लॅस्टिक किंवा कागदावर केसासारखे बारीक मार्ग आखून त्यांतून द्रवाचा थेंब नेतात. इतक्या अरुंद मार्गात द्रव खळाळत नाही, तो शिस्तीत थराथराने वाहतो. दिव्याच्या वातीत तेल चढते, तसा कागदात तो पंपाविना पुढे सरकतो. शिवाय अंतर दहापट कमी केले, तर रेणूंना आपोआप पसरून ते ओलांडण्यास सुमारे शंभरपट कमी वेळ लागतो. म्हणून नमुना थोडा पुरतो आणि उत्तर लवकर मिळते.

अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात उमुत गुरकान यांच्या गटाने याच तत्त्वावर ‘हिमचिप’ विकसित केली. बोटाच्या टोकावरील रक्ताचा थेंब, चिपमधील विशिष्ट कागदाची पट्टी आणि थोडा विद्युत्‌दाब एवढ्यावर सुमारे दहा मिनिटांत हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे पट्टे होऊन दिसतात. चिपवरील निदानाचे दुसरे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ या क्षयरोग चाचणीस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मान्यता दिली. ते यंत्र बॅटरीवरही चालते.

वस्तीत शिबिर भरते तेव्हा बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. सदोष हिमोग्लोबिन आहे एवढेच तीतून कळते. व्यक्ती वाहक (एएस) आहे की रुग्ण (एसएस), हे कळत नाही. त्यासाठी पुढची तपासणी मोठ्या रुग्णालयात करावी लागते. मजुरी बुडवून तेथे जाणे ज्यांना जमत नाही, त्यांचे उत्तर अर्धवटच राहते. चिपवरील चाचणी हा भेद जागेवरच दाखवू शकते, हे तिचे खरे मोल होय.

हा भेद प्रत्येक घराने समजून घ्यावा. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. एकच जण वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मूल वाहक होऊ शकते, सिकलसेलचा रुग्ण होत नाही. म्हणजे वाहक मुलीचे किंवा मुलाचे लग्न होऊ नये, याला कोणताही शास्त्रीय आधार नाही. तरीही अहवाल लपविले जातात आणि स्थळे मोडतात. हा गुणधर्म ज्या प्रदेशांत टिकला, तेथे हिवतापाचा प्रादुर्भाव होता. वाहकांना घातक हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळत असे. त्याचा संबंध भूगोलाशी आहे. पूर्वजन्मीच्या पापाशी किंवा जातीच्या हीनतेशी त्याचा काडीमात्र संबंध नाही. प्रत्येक दुःखास कारण असते आणि ते शोधता येते, हे तथागतांनी शिकविले आहे.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहिमेने २०४७ चे उद्दिष्ट ठेवले आहे. तिचा मुख्य भर आदिवासी भागांवर आहे. म्हणून आपल्या वस्त्यांनी, विहारांनी आणि वसतिगृहांनी स्वतःहून तपासणीची मागणी केली पाहिजे. वेळीच निदान झाल्यास लसीकरण, फॉलिक ॲसिड आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हायड्रॉक्सियुरिया यांच्या आधारे रुग्णाचे आयुष्य पुष्कळ सुसह्य होते. माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ आहेत. त्यांनी विद्यालयात वर्षातून एक दिवस या तपासणीसाठी द्यावा आणि पालकांनी अहवाल दडवू नये, एवढे आम्ही कळकळीने सुचवितो. चिप दहा मिनिटांत उत्तर देईल; ते उत्तर संकोच न बाळगता स्वीकारणारा समाज घडविणे आपल्याच हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!