मारलं नाही, म्हणजे छळ नाही?

“दादा मारत नाही गं, फक्त घराबाहेर सोडत नाही.” “बाबा म्हणालेत, पुढच्या वर्षी कॉलेज बंद.” “स्थळाला नाही म्हटलं की आई जीव द्यायची धमकी देते.” कॉलेजच्या कट्ट्यावर अशी वाक्यं कानावर पडतात. आपण “घरोघरी मातीच्या चुली” म्हणतो आणि विषय बदलतो.

कायदा मात्र विषय बदलत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ चा. त्यात हिंसेचे चार प्रकार आहेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक. हा कायदा फक्त लग्न झालेल्या बायकांसाठी आहे, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. मुलगी, बहीण, आई, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणारी जोडीदार, या सगळ्या त्यात येतात.

फॉर्म काय म्हणतो?

तक्रार आली की संरक्षण अधिकारी ‘कौटुंबिक घटना अहवाल’ भरतात. त्याचा नमुना २००६ च्या नियमांमध्ये आहे. तो एकदा वाचाच. मारहाणीसोबत त्यात हेही आहे : शाळा-कॉलेजला जाऊ न देणं, नोकरी करू न देणं, घराबाहेर पडू न देणं, ठरावीक व्यक्तीला भेटू न देणं, मनाविरुद्ध लग्न लावणं, आत्महत्येची धमकी देणं, पगार काढून घेणं.

आता कुणी म्हणेल, घरच्यांनी ओरडायचंही नाही का? उशीर झाला म्हणून ओरडा खाणं वेगळं आणि रोज धाकात जगणं वेगळं. घरी जायची वेळ झाली की पोटात गोळा येतो का? खरं बोलायची भीती वाटते का? प्रत्येक निर्णय दुसराच कुणी घेतो का? उत्तर सतत ‘हो’ येत असेल, तर ते कुणाशी तरी बोलायला हवं.

गप्प का बसतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या महिलांपैकी फक्त १४ टक्के महिलांनी मदत मागितल्याचं दिसलं. लोक काय म्हणतील, शिक्षण थांबेल, घराबाहेर काढतील, अशी भीती असते. यातल्या शेवटच्या भीतीवर कायद्यात उत्तर आहे. घर कुणाच्याही नावावर असो, तिथे राहण्याचा तिचा हक्क आहे. कोर्टाच्या आदेशाशिवाय तिला बाहेर काढता येत नाही.

मैत्रीण काय करू शकते?

बरंच काही. हिंसा होतेय असं वाटलं, तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. चांगल्या हेतूने माहिती दिली, तर त्याबद्दल तुमच्यावर कारवाई होत नाही. पण त्याआधी तिचं ऐकून घ्या. “तू सोडून का देत नाहीस?” असं विचारू नका. “तुला काय करायचंय? मी सोबत येते,” असं म्हणा. तिच्या घरच्यांशी परस्पर बोलायला जाऊ नका, त्रास तिलाच होईल.

तिचा फोन घरात तपासला जात असेल, तर तुमच्या फोनवरून कॉल करू द्या. मार्कशीट, आधार कार्डाच्या प्रती, जखमांचे तारखेसह फोटो विश्वासू माणसाकडे ठेवा.

हा कायदा मुलींसाठी आणि महिलांसाठी आहे. पण मुलग्यांनाही घरात मार बसतो. अठराच्या आतल्या कुणालाही १०९८ वर मदत मिळते. जिवाला धोका असेल, तर कुणीही ११२ लावावा.

हे नंबर सेव्ह करा

• ११२ : तातडीची मदत, पोलीस
• १८१ : महिला हेल्पलाइन
• १०९८ : चाइल्ड हेल्पलाइन
• १५१०० : कायदेशीर मदत. महिलांना आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं, तरी सरकारी वकील-मदत मोफत मिळते.
• १४४१६ : टेलि-मानस, मन मोकळं करायला

कदाचित तुम्हाला यातला एकही नंबर लागणार नाही. पण शेजारच्या बाकावरच्या कुणाला तरी लागू शकतो.