आजीच्या हातावरचे निळे डाग

आजीच्या मनगटाजवळ एखादा जांभळा-निळा डाग तुम्ही पाहिला असेल. “कुठे लागले?” असे विचारल्यावर बहुधा उत्तर मिळते, “लागल्याचे आठवत नाही बाबा!” दाराची कडी किंवा पलंगाची कड एवढे निमित्त तिला पुरते. त्याच कडेवर तुमचा हात रोज आपटतो, पण डाग पडत नाही. धक्का तोच, परिणाम मात्र निराळा. असे का व्हावे?

एक साधा प्रयोग करा. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवून सरकवा. ते सहज सरकतात. आता बोटे एकमेकांत गुंफून तसेच करून पहा. हात जागचे हलत नाहीत. आपली बाह्यत्वचा आणि तिच्याखालची अंतस्त्वचा अशाच एकमेकींत गुंफलेल्या असतात. एकीचे उंचवटे दुसरीच्या खाचांत बसतात. वय वाढते तसे हे उंचवटे सपाट होत जातात आणि थरांची पकड सैल होते. मग घासणाऱ्या बलाने वरचा थर खालच्यावरून सरकतो व साल निघते.

अंतस्त्वचेतील कोलॅजेनचे तंतू सूक्ष्म रक्तवाहिन्यांना आधार देतात. वयाबरोबर आणि उन्हामुळे हे तंतू विरळ होतात. त्वचेखालची चरबीची गादीही पातळ होते. उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या थोड्याशा धक्क्याने फुटतात आणि रक्त त्वचेखाली पसरते. आयुष्यभर ऊन खाल्लेल्या हातांवरच हे डाग अधिक दिसतात ते यामुळे. थॉमस बेटमन या इंग्रज वैद्याने १८१८ साली त्यांचे वर्णन केले होते.

तुमच्या मुक्या माराचा रंग मात्र बदलत जातो. सांडलेल्या रक्तातील हीमोग्लोबिनचे विघटन होऊन आधी हिरवे बिलिव्हर्डिन व मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. म्हाताऱ्या त्वचेत ही साफसफाई मंद असते. तेथे जांभळा डाग एक ते तीन आठवडे तसाच राहतो आणि जाताना तपकिरी छटा मागे ठेवतो.

काय करावे?

मुका मार लागताच फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरावा. एक ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. थंडाव्याने रक्तवाहिन्या आकसतात व रक्त कमी पसरते. बर्फ थेट त्वचेवर मात्र ठेवू नये. हात हृदयापेक्षा ३० सेंटीमीटर वर उचलून धरला, तर तेथील रक्तदाब पाऱ्याच्या सुमारे २३ मिलिमीटरने उतरतो. द्रवस्तंभाच्या दाबाचा तुमच्या पुस्तकातला नियम येथे असा कामी येतो.

साल निघाली असेल तर आधी आपले हात धुवा. स्वच्छ कापडाने जखम दहा मिनिटे दाबून धरा. मध्येच उचलून पाहू नका. मग ती स्वच्छ पाण्याने हलकेच धुवा. सुटलेली त्वचा ओढून काढू नका. ओल्या स्वच्छ कापसाने ती अलगद जागेवर सरकवा. स्पिरिट, चुना, हळद किंवा कॉफीची पूड लावू नका.

जखम उघडी ठेवून वाळू द्यावी, असे पुष्कळांना वाटते. जॉर्ज विंटर यांनी १९६२ साली डुकरांच्या त्वचेवर प्रयोग करून वेगळेच दाखवले. पातळ पॉलिथिनने झाकलेल्या ओलसर जखमांवर नवी त्वचा जवळजवळ दुप्पट वेगाने आली. कोरड्या जखमेत नव्या पेशींना खपलीखालून वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठावर त्या सहज सरकतात. म्हणून व्हॅसलीनचा पातळ थर देऊन न चिकटणारी पट्टी ठेवावी आणि वरून सैलसर बँडेज गुंडाळावे. चिकटपट्टी थेट त्वचेवर लावू नये. ती ओढताना सारे बल एका अरुंद रेषेवर पडते आणि पट्टीबरोबर त्वचाच सोलून निघते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

दहा-पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबले नाही, जखमेभोवती लाली पसरू लागली, पू किंवा ताप आला, तर थांबू नये. मधुमेही माणसाच्या पायाची जखम लहान असली तरी डॉक्टरांना दाखवावी. धनुर्वाताच्या लसीबद्दलही विचारावे. अंगावर इतरत्र विनाकारण डाग उमटू लागले, तर तेही सांगावे.

डोक्याला लागले असेल तर विशेष जपावे. ॲस्पिरिन किंवा रक्त न गोठू देणारी औषधे घेणाऱ्या वृद्धाच्या कवटीत आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि बाहेर साधे टेंगूळही दिसत नाही. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

“उगाच घरच्यांना त्रास नको” म्हणून आजी-आजोबा पडल्याचे सांगत नाहीत. तेव्हा त्यांना तुम्हीच विचारा. आणि पलंगाच्या कडेला जुन्या कापडाची घडी बांधायचे काम आजच करून टाका. तेच बल मोठ्या क्षेत्रावर विभागले की दाब कमी होतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच.