सोपानदेवांच्या वहीतली माय

परवा धुळ्याहून जळगावला गेलो, तेव्हा चौधरी वाड्यात जाऊन आलो. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घर. त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तू बघताना माझी मोठी माय आठवली आणि पाय निघेना.

बहिणाबाई 1880 साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्मल्या. तेराव्या वर्षी लग्न, तिशीत वैधव्य, पदरात तीन लेकरं. अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, दळताना गाणी सुचायची.

ती टिकली कशी? मुलगा सोपानदेव आणि त्याचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनी ऐकता ऐकता जमेल तशी लिहून ठेवली म्हणून. 3 डिसेंबर 1951 ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी गाण्यांची वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली.

माझी मोठी माय नव्वदी ओलांडून गेली. तिच्या अहिराणी ओव्या कुणीच उतरवल्या नाहीत, मीसुद्धा नाही. ती हळहळ जात नाही.

आता आत्याजवळ बसतो, फोनवर रेकॉर्ड करतो. नुसतं ‘गाणं म्हण’ म्हटलं तर तिला आठवत नाही. हातात निवडायला धान्याचं सूप दिलं की ओवी आपसूक येते. शब्द ती बोलते तसेच लिहायचे, प्रमाण मराठीत सुधारायचे नाहीत.

तुमच्याकडे कुणी गाणारी माय, आजी, मावशी आहे का? रेकॉर्डिंगबद्दल काहीही विचारा, जरूर सांगेन.