शिक्षकांच्या वाहिनीने घर कसे सजवले



घर कसे सजवावे, कपडे कोणते घालावे, केकवर नक्षी कशी काढावी, लग्नाचा पोशाख कसा निवडावा, असे सारे दाखवणारी टीएलसी नावाची एक वाहिनी आहे. आपल्यापैकी पुष्कळ घरांत ती केव्हा ना केव्हा लागलेली असेल. या तीन अक्षरांचा पूर्ण अर्थ काय, असे आम्ही वर्गात विचारले तर बहुतेक मुले गप्प बसतात. एखादा हुशार विद्यार्थी इंग्रजीतले काहीतरी गोड जुळवून सांगतो. खरे उत्तर आहे 'द लर्निंग चॅनेल', म्हणजे शिकण्याची वाहिनी. हे नाव कोणी थट्टेने ठेवलेले नव्हते. या वाहिनीचा जन्म खरोखरच शिक्षकांना शिकवण्यासाठी झाला होता आणि तिच्या जन्मकथेत आपल्या मध्य प्रदेशाचाही एक धागा आहे. शाळेच्या पत्रिकेत टीव्हीच्या वाहिनीवर लेख कशासाठी, असे विश्वस्त मंडळींना वाटू नये म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

अमेरिकेच्या पूर्व भागात अ‍ॅपलाचिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. कोळशाच्या खाणी, गरिबी, लांब लांब विखुरलेली गावे, वळणावळणाचे रस्ते. तिथल्या शिक्षकाला पुढचे शिक्षण घ्यायचे तर विद्यापीठ फार दूर. टीव्हीवरून शिकवावे म्हटले तर डोंगर आडवे येतात. हे आपल्याकडच्या मुलांना समजावणे सोपे आहे. टीव्हीच्या मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. आपल्या किल्ल्याच्या टेकडीच्या एका अंगाला मनोरा उभारला आणि तो टेकडीहून ठेंगणा असला, तर दुसऱ्या अंगाच्या पायथ्याशी चित्र नीट येणार नाही. अमेरिकेत केबल टीव्हीची सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाली, ती अशाच अडचणीतून. टेकडीच्या माथ्यावर एक मोठा अँटेना लावायचा आणि तिथून तार ओढून खाली घराघरांत चित्र न्यायचे. आपण ज्याला केबलवाला म्हणतो त्याचा मूळ पुरुष हा असा डोंगरातला आहे.

उपग्रहाला ही अडचण नाही, कारण तो वरून पाहतो. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो आकाशात एका जागी थांबल्यासारखा भासतो. ३० मे १९७४ रोजी अमेरिकेच्या नासा संस्थेने एटीएस-६ नावाचा असा उपग्रह सोडला. त्याची छत्रीसारखी उघडणारी अँटेना ९ मीटरहून अधिक व्यासाची होती. आधीच्या उपग्रहांचा संदेश टिपायला जमिनीवर अवाढव्य यंत्रणा लागे. याचा संदेश इतका जोरदार होता की जमिनीवर लहान, स्वस्त छत्री पुरे. त्याच्या आधारे १९७४ च्या उन्हाळ्यात अ‍ॅपलाचियातल्या शिक्षकांचे वर्ग सुरू झाले. धडे केंटकी विद्यापीठात लेक्सिंग्टन येथे तयार होत. विषय कोणते, तर मुलांना वाचायला कसे शिकवावे आणि मुलांना पुढच्या कामधंद्याची दिशा कशी दाखवावी. सरकारने १९७२ साली जी योजना आखली होती तिचे हे फळ. पुढे याच उपक्रमाची 'अ‍ॅपलाचियन कम्युनिटी सर्व्हिस नेटवर्क' ही संस्था झाली, आणि टीएलसीचे मूळ तिथे आहे.

एक वर्ष झाले आणि हा उपग्रह आपल्या जागेवरून हलवला गेला. कोणासाठी? आपल्यासाठी. डॉ. विक्रम साराभाई यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये भारत आणि नासा यांच्यात करार झाला होता. त्यानुसार एटीएस-६ पूर्व आफ्रिकेच्या वर आणून ठेवण्यात आला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष त्याने भारतातील खेड्यांना टीव्ही दाखवला. या प्रयोगाचे नाव 'साइट'. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या ६ राज्यांतील सुमारे २,४०० खेडी निवडली होती. मध्य प्रदेशातील गावे रायपूरच्या बाजूची, म्हणजे आज जी छत्तीसगडात मोडतात ती. आपला ग्वाल्हेर-चंबळचा भाग त्यात नव्हता. गावात एक सामाईक टीव्ही संच, बहुधा शाळेत किंवा पंचायतीच्या इमारतीत, आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची सुमारे ३ मीटरची छत्री. सकाळी शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, बातम्या. डॉ. साराभाई हा प्रयोग पाहायला राहिले नाहीत, त्यांचे १९७१ मध्येच निधन झाले होते. ज्यांनी ही धुरा वाहिली त्यांत अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे संचालक प्रा. यशपाल आणि कोल्हापूरला जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे मराठी शास्त्रज्ञ होते. मुलांनी हे दुसरे नाव वहीत लिहून ठेवावे. ते पाठ्यपुस्तकात सहसा सापडत नाही.

आम्हाला शिक्षक म्हणून यातली सर्वांत मोलाची वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. शाळांच्या सुट्यांमध्ये १२-१२ दिवसांच्या दोन फेऱ्यांत याच उपग्रहावरून सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचे प्रशिक्षण देण्यात आले. म्हणजे केंटकीच्या डोंगरातला मास्तर आणि छत्तीसगडच्या भातशेतीच्या गावातला गुरुजी, दोघांनी एकाच छत्रीखाली धडे घेतले. एकाने १९७४ मध्ये, दुसऱ्याने १९७५-७६ मध्ये.

मुदत संपली तशी अमेरिकेने उपग्रह परत बोलावला आणि आपल्याकडचे ते कार्यक्रम थांबले. भारताने स्वतःचा इन्सॅट-१बी १९८३ मध्ये मिळवला, तेव्हा हे काम पुन्हा मोठ्या प्रमाणावर उभे राहिले. पण आता आपण त्या अमेरिकन वाहिनीकडे वळू.

१९८० मध्ये सरकारी आधार काढून ही संस्था खासगी क्षेत्रात आली आणि तिचे नाव 'द लर्निंग चॅनेल' झाले. केबलवरून ती घरोघरी पोचू लागली. सुरुवातीला महाविद्यालयीन धडे, हस्तकौशल्य, इतिहास, विज्ञान असेच सारे होते. मात्र तिच्या भागीदार कंपनीचे दिवाळे निघाले आणि १९९१ मध्ये डिस्कव्हरीने ती विकत घेतली. पुढची काही वर्षे नाव तेच होते आणि बराचसा वाणही तोच होता. सकाळी लहान मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी माहितीपट. हळूहळू पूर्ण नाव मागे पडून तीन अक्षरे उरली.

खरी कलाटणी २००० मध्ये मिळाली. 'ट्रेडिंग स्पेसेस' नावाचा कार्यक्रम आला. इंग्लंडच्या बीबीसीवर १९९६ पासून असाच एक कार्यक्रम चालू होता, त्याचीच ही अमेरिकन आवृत्ती. दोन शेजारी कुटुंबे एकमेकांच्या घराच्या चाव्या घेतात. २ दिवस आणि १,००० डॉलर, एवढ्यात शेजाऱ्याची एक खोली संपूर्ण बदलून टाकायची. सोबत एक सजावटकार आणि एक सुतार. शेवटी घरमालकाचे डोळे उघडतात आणि तो हरखतो किंवा चक्क रडतो. (आमच्या मते या कार्यक्रमाची सारी गंमत रडणाऱ्यांतच होती.) प्रेक्षकांची रीघ लागली. मग कपड्यांचे, लग्नाच्या पोशाखाचे, केकच्या दुकानाचे, मोठ्या कुटुंबांच्या घरगुती कुरबुरींचे कार्यक्रम आले. वाचन कसे शिकवावे हा विषय कुठल्या कुठे गेला.

हे का झाले, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण यात कोणी खलनायक नाही. नासाच्या उपग्रहावरचे वर्ग सरकारी पैशाने चालत. तिथे ४० शिक्षक बसले आणि ते नीट शिकले की काम झाले. खासगी वाहिनीला दोन थैल्या असतात. एक, ग्राहकाच्या मासिक वर्गणीतून केबल कंपनीमार्फत मिळणारा हिस्सा. दुसरी, जाहिरात. जाहिरातदार डोकी मोजतो. त्यातही कोणती डोकी? रंगाचा डबा, पडद्याचे कापड, पलंग, मिक्सर विकत घेणारी. वाचनाच्या धड्यामध्ये कोणता रंग विकणार? पण भिंत रंगवण्याच्या कार्यक्रमात रंगाची जाहिरात ही जाहिरात वाटतच नाही, ती कार्यक्रमाचाच पुढचा भाग वाटते. फी भरणारा बदलला की अभ्यासक्रम बदलतो. शाळा चालवणाऱ्या आम्हा लोकांना हे जरा जास्तच लवकर कळते.

भारतात ही वाहिनी दुसऱ्या नावाने आली. डिस्कव्हरी १९९५ पासून इथे होतीच. ऑक्टोबर २००४ मध्ये तिने 'डिस्कव्हरी ट्रॅव्हल अँड लिव्हिंग' सुरू केली. प्रवास, खाणेपिणे, सुंदर घरे, आणि भाषा इंग्रजी. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, त्यामुळे निम्मे शब्द निसटत, पण चित्र पाहायला कोणती भाषा लागते? सप्टेंबर २०१० मध्ये तिचेच नाव टीएलसी झाले. एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ट्रॅव्हल अँड लिव्हिंग आली त्याच्या एकच महिना आधी, २० सप्टेंबर २००४ रोजी, इस्रोने केवळ शिक्षणासाठी 'एज्युसॅट' उपग्रह सोडला होता. यांपैकी कोणत्या घटनेची चर्चा घरोघरी झाली, हे पालकांनी स्वतःशी आठवून पाहावे.

मधल्या काळात आपल्याकडेही या प्रकाराची मुळे रुजली होती. झी टीव्ही २ ऑक्टोबर १९९२ ला सुरू झाली आणि १९९३ पासून तिच्यावर संजीव कपूर यांचा 'खाना खजाना' लागू लागला. त्यापुढे संपूर्ण वाहिन्याच निघाल्या. २००७ मध्ये एनडीटीव्ही गुड टाइम्स, २०१० मध्ये चोवीस तास स्वयंपाकाची झी खाना खजाना आणि २०११ च्या जानेवारीत संजीव कपूर यांची फूड फूड. यातली झी खाना खजाना २०१५ मध्ये लिव्हिंग फूड्ज झाली आणि २०२० मध्ये झी झेस्ट. नावे इतकी बदलतात की रिमोट हातात घेऊन बसलेल्या आजोबांची फार पंचाईत होते.

मराठीचे काय? मुंबई दूरदर्शनवर फार पूर्वी 'सुंदर माझं घर' हा गृहिणींचा कार्यक्रम असे. परंतु तो ग्वाल्हेरला दिसत नव्हता. मनोऱ्याच्या लहरी इथवर कुठून येणार? १५ ऑगस्ट १९९९ ला उपग्रहावरून अल्फा मराठी (पुढे झी मराठी) सुरू झाली, आणि पाठोपाठ २००० मध्ये ई-टीव्ही मराठी. तेव्हा प्रथमच लष्करातल्या आणि शिंद्यांच्या छावणीतल्या घरांत रोज मराठी बोलणारा टीव्ही आला. २००७ पासून प्रशांत दामले यांच्या सूत्रसंचालनाखाली 'आम्ही सारे खवय्ये' सुरू झाला. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या हिंदीच्या शेजारात राहून स्वयंपाकघरातले कित्येक मराठी शब्द झिजले होते. मुले उलथण्याला 'पलटा' म्हणतात, खिसणीला 'कद्दूकस'. कार्यक्रम पाहता पाहता काही घरांत उलथणे, खिसणी, झारा, पाटा-वरवंटा हे शब्द परत आले, असे आमच्या पाहण्यात आहे. म्हणून आम्ही या कार्यक्रमांना सरसकट नावे ठेवू शकत नाही. दिवाळीच्या फराळात चकलीशेजारी मुरैन्याची गजक ठेवणारे आपण लोक. आपल्याला दोन्ही चालते.

आता पालकांच्या कामाचे थोडे. वाहिन्या दोन प्रकारच्या असतात, मुक्त आणि सशुल्क. ट्रायच्या नियमांनुसार २०१९ पासून प्रत्येक सशुल्क वाहिनीची वेगळी किंमत जाहीर करावी लागते आणि ग्राहकाला हवी तेवढीच वाहिनी घेता येते. त्या वेळी १०० मुक्त वाहिन्यांसाठी दरमहा १३० रुपये आणि त्यावर कर, असा पाया ठरला. सशुल्क वाहिन्यांचे पैसे त्यावर वेगळे. हे दर आणि नियम पुढे बदलत गेले आहेत. पण व्यवहारात बहुतेक घरे केबलवाल्याचा तयार गठ्ठा घेतात, आणि घर सजवणाऱ्या वाहिन्या त्या गठ्ठ्यात गुपचूप बसून येतात. आपल्या बिलात काय काय आहे हे मुलांकडून एकदा वाचून घ्यावे. गणिताचा चांगला सराव होतो.

शिक्षणाच्या वाहिन्या मात्र मुक्तच राहिल्या. सरकारची ज्ञानदर्शन २००० मध्ये आली, २०१७ मध्ये स्वयंप्रभा आणि २०२० मध्ये, शाळा बंद असताना, पीएम ई-विद्याच्या एकेका इयत्तेची एकेक वाहिनी. त्या कोऱ्या वाटतात, रंगीत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. शिक्षक फळ्यासमोर उभा राहून बोलतो, एवढेच. पण १९७४ मध्ये केंटकीतही चित्र फारसे वेगळे नसावे.

एक विनंती. आपल्या समाजातील काही कुटुंबे रायपूर-बिलासपूरकडून ग्वाल्हेरला आलेली आहेत. त्यांच्यापैकी कोणी आजी-आजोबा १९७५-७६ मध्ये तिकडे प्राथमिक शिक्षक असतील आणि टीव्हीवरून दिलेले ते १२ दिवसांचे प्रशिक्षण त्यांनी घेतले असेल, तर कृपया विद्यालयाच्या कार्यालयात कळवावे. नववीच्या मुलांसमोर एक तास त्यांनी बोलावे, अशी आमची इच्छा आहे. येण्याजाण्याची व्यवस्था विद्यालय करील. त्या काळचा जाळीच्या छत्रीचा एखादा फोटो घरात असल्यास तोही सोबत आणावा, आम्ही त्याची प्रत काढून लगेच परत करू.